धुरातला नत्र

नॉर्वेच्या तेलेमार्क भागात नॉटोडेन नावाचं गाव आहे. 1905 च्या मे महिन्यात तिथे एक खतकारखाना सुरू झाला. त्याला सोऱ्याची खाण लागत नव्हती की कोळसा लागत नव्हता. हवा, पाणी, चुनखडी आणि धबधब्यावरची वीज एवढ्यावर तो चालत असे. भट्टीतून निघालेला वायू गार करून ग्रॅनाइटच्या उंच मनोऱ्यांतून वर चढवायचा आणि वरून पाणी झिरपत सोडायचं. तळाशी पातळ नायट्रिक आम्ल जमे. ते चुनखडीवर ओतलं की कॅल्शियम नायट्रेट तयार होई आणि ‘नॉर्वेचा सोरा’ म्हणून शेतांवर जाई.

या कारखान्याची एक व्यवस्था मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एवढे मनोरे ओलांडूनही थोडा वायू पाण्याला दाद देत नसे. तो तसाच धुराड्यातून सोडून देणं सोपं होतं, पण तिथे तसं करत नसत. शेवटच्या मनोऱ्यांत पाण्याऐवजी अल्कलीचं द्रावण असे. उरलेला वायू त्यात अडकून त्याचं नायट्राइट होई आणि रंगांच्या धंद्यात ते विकलं जाई. टाकाऊ वायूपासून उपयोगी नत्रसंयुग बनवण्याची आजच्या प्रयोगशाळांतली धडपड नवी मानली जाते. पण शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका कारखान्याने हे रोजचं काम म्हणून केलं होतं, कारण त्या वायूचा प्रत्येक कण विजेचे पैसे मोजून बनलेला होता.

तो वायू म्हणजे नत्राची ऑक्साइडं, मुख्यतः नायट्रिक ऑक्साइड: नत्राचा एक अणू आणि ऑक्सिजनचा एक. हवेत चार पंचमांश नत्र असूनही पिकं नत्रासाठी उपाशी राहतात. हवेतल्या नत्राच्या रेणूत दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की मुळांना ते सोडवता येत नाहीत. तो बंध तोडायला एका मोलमागे सुमारे 941 किलोजूल ऊर्जा लागते. द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हे काम शांतपणे करतात, आणि आकाशातली वीज कडाडून करते. माणसाच्या हाताने ते पहिल्यांदा नीट झालं 1785 मध्ये, लंडनमध्ये. हेन्री कॅव्हेंडिश या शास्त्रज्ञाने हवेत ऑक्सिजन मिसळून त्यातून विजेच्या ठिणग्या पाडल्या, तयार झालेला वायू अल्कलीत शोषला आणि त्यातून सोरा मिळवला. शेवटी एक इवलासा बुडबुडा शिल्लक राहिला, मूळ नत्राच्या एकशेविसाव्या भागाहून जास्त नाही. कॅव्हेंडिशने त्याचीही नोंद करून ठेवली. तो बुडबुडा आर्गॉनचा होता, हे कळायला पुढची शंभराहून अधिक वर्षं जावी लागली. एवढ्या बारकाईने काम करणाऱ्या माणसाला खत बनवायचं नव्हतं. त्याला हवा कशाची बनली आहे ते पाहायचं होतं.

खताची निकड एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी उभी राहिली. युरोपच्या शेतांना आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांना नत्र पुरवत होतं चिलीचं अटाकामा वाळवंट. तिथल्या सोऱ्याच्या पट्ट्यासाठी 1879 पासून चिली, पेरू आणि बोलिव्हिया यांच्यात युद्ध पेटलं होतं. त्यात चिली जिंकला, आणि बोलिव्हियाचा समुद्रकिनारा कायमचा गेला. 1898 मध्ये ब्रिस्टलला ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेच्या अध्यक्षपदावरून रसायनशास्त्रज्ञ विल्यम क्रुक्सने सांगितलं की चिलीचा साठा संपणारा आहे, आणि हवेतला नत्र पकडता आला नाही तर 1930 च्या आसपास गहू खाणाऱ्या जगाला गहू पुरणार नाही. त्याने हिशोबही मांडला. नायगाराच्या विजेवर सोडियम नायट्रेट टनाला 5 पौंडांत पडेल, चिलीचं साडेसात पौंडांना मिळतं. हा आकडा आशावादी होता, पण त्याने अनेकांना कामाला लावलं. नायगारालाच ब्रॅडली आणि लव्हजॉय या दोघांनी 1902 मध्ये हजारो बारीक ठिणग्या पाडणारं यंत्र उभं केलं. ते फार गुंतागुंतीचं होतं आणि त्यातून निघणारा माल फार थोडा. 1904 मध्ये ते बंद पडलं.

नॉर्वेत ज्या माणसाला हे साधलं, तो खताचा तर सोडाच, रसायनशास्त्राचाही माणूस नव्हता. क्रिस्तियान बिर्केलान हा क्रिस्तियानियाच्या, म्हणजे आजच्या ऑस्लोच्या, विद्यापीठात भौतिकशास्त्राचा प्राध्यापक होता आणि त्याचा जीव ध्रुवीय प्रकाशात अडकलेला होता. आकाशातले ते हिरवे पडदे सूर्याकडून येणाऱ्या विद्युतकणांमुळे आणि पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे दिसतात, असं त्याचं म्हणणं होतं. ते पडताळण्यासाठी त्याने पर्वतमाथ्यांवर वेधशाळा उभ्या केल्या, आणि निर्वात पेटीत चुंबकीय गोळा टांगून त्याच्याभोवती कृत्रिम ध्रुवप्रकाश पाडून दाखवला. या सगळ्याला पैसा लागत होता. तो मिळावा म्हणून त्याने विद्युतचुंबकाने गोळा फेकणारी तोफ तयार केली आणि विद्यापीठाच्या सभागृहात निमंत्रितांसमोर तिचं प्रात्यक्षिक ठेवलं. कळ दाबताच आत शॉर्टसर्किट झालं. कानठळ्या बसवणारा आवाज आला, तोफेच्या तोंडातून विजेचा प्रचंड लोळ निघाला आणि लोक घाबरून पांगले. तोफेला गिऱ्हाईक मिळालं नाही.

त्याच सुमारास, 1903 च्या फेब्रुवारीत, पुढे नॉर्वेचे पंतप्रधान झालेल्या गुन्नार क्नुदसेन यांच्या घरच्या जेवणावळीत बिर्केलानची गाठ साम आइदेशी पडली. आइदे बर्लिनमध्ये शिकलेला अभियंता. त्याने नॉर्वेतल्या मोठ्या धबधब्यांचे हक्क मिळवून ठेवले होते, पण एवढ्या विजेचं करायचं काय हा प्रश्न त्याच्यासमोर होता. नत्र पकडायला पृथ्वीवरची सगळ्यात मोठी वीज मला हवी आहे, असं तो म्हणाला. ती कशी पाडायची हे बिर्केलानला ठाऊक होतं. 20 फेब्रुवारीला पहिल्या पेटंटचा अर्ज दाखलही झाला.

त्यांची भट्टी अशी होती. पाण्याने गार ठेवलेल्या तांब्याच्या दोन नळ्या समोरासमोर, आणि त्यांच्यामध्ये विजेची ज्योत, जिला इंग्रजीवरून आपण आर्क म्हणतो. बाजूला ताकदवान विद्युतचुंबक. चुंबक त्या ज्योतीला एकदा वर, एकदा खाली ढकलतो. कारण प्रवाह उलटसुलट होत राहतो. डोळ्यांना दिसते ती आगीची एक तबकडी, मोठ्या भट्ट्यांत दोन मीटरांहून अधिक रुंद. ध्रुवप्रकाशासाठी प्रवाह आणि चुंबक यांचा जो खेळ बिर्केलान वर्षानुवर्षं पाहत होता, तोच इथे कामी आला. या तबकडीतून हवा वाहते. तीन हजार अंशांच्या आसपास नत्र आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रिक ऑक्साइड बनतो. पण तो हळूहळू गार झाला तर पुन्हा फुटून हवाच होते. म्हणून लोहार तापलेलं पातं झटक्यात पाण्यात बुडवतो, तसा हा वायू चटकन गार करावा लागे. इतकं करूनही भट्टीतून निघणाऱ्या वायूत नायट्रिक ऑक्साइडचं प्रमाण एक ते दोन टक्केच असे. एका युनिट विजेमागे साधारण 60 ग्रॅम नायट्रिक आम्ल मिळे.

एवढ्या महागड्या पद्धतीवर नॉर्वेचा औद्योगिक पाया घातला गेला. डिसेंबर 1905 मध्ये स्वीडिश आणि फ्रेंच भांडवलावर नॉर्स्क हायड्रो ही कंपनी स्थापन झाली. रियुकानच्या अरुंद दरीत, जिथे हिवाळ्यातले कित्येक महिने सूर्य खालपर्यंत पोहोचतच नाही, कंपनीने आख्खं शहर वसवलं. 1911 मध्ये वेमोर्कचं वीजकेंद्र सुरू झालं तेव्हा ते जगातल्या सगळ्यात मोठ्या जलविद्युत केंद्रांत होतं. त्याची बहुतेक वीज हवा जाळण्यात जात होती.

पण याच वर्षांत जर्मनीत दुसरा रस्ता उघडत होता. फ्रिट्झ हाबरने 1909 च्या जुलैत कार्ल्सरूहला नत्र आणि हायड्रोजन यांचं मीलन घडवून अमोनिया बनवून दाखवला, आणि कार्ल बॉशने त्याचा कारखाना 1913 मध्ये ओपाऊला उभा केला. बाडिश अ‍ॅनिलिन ही बॉशची जर्मन कंपनी आधी नॉर्वेच्या आर्क भट्ट्यांत भागीदार होती. 1911 मध्ये तिने अंग काढून घेतलं. नव्या पद्धतीला धबधबा लागत नव्हता, कोळशापासूनचा हायड्रोजन चालत होता, आणि तेवढ्याच नत्रामागे ऊर्जा कितीतरी कमी लागत होती. नायट्रिक आम्ल हवंच असेल तर अमोनिया तापलेल्या प्लॅटिनमच्या जाळीवर जाळायचा. ही रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्डची रीत आधीच तयार होती. नॉर्स्क हायड्रोनेही 1929 मध्ये अमोनियाचा मार्ग धरला. वेमोर्कची वीज आता पाणी फोडून हायड्रोजन काढू लागली.  शेवटच्या आर्क भट्ट्या 1940 मध्ये विझल्या.

बिर्केलान तोवर राहिला नव्हता. आइदेशी त्याचं बिनसलं होतं. निद्रानाशाने तो पोखरला होता, औषधांच्या आहारी गेला होता. जून 1917 मध्ये तोक्योच्या एका हॉटेलात वेरोनाल या झोपेच्या औषधाच्या अतिमात्रेने त्याचा मृत्यू झाला. वय 49. नोबेल पारितोषिकासाठी त्याचं नाव अनेकदा सुचवलं गेलं, मिळालं कधीच नाही. पाठ्यपुस्तकांत त्याच्या पद्धतीला हाबरच्या आधीची एक फसलेली पायरी म्हणून दोन ओळी मिळतात. हा मला अन्याय वाटतो. वीज स्वस्त होती तिथे ती पद्धत पस्तीस वर्षं चालली आणि तिने शेतं पिकवली. जे रसायन तिने वापरलं, ते तर थांबलंच नाही. ते न बोलावता सगळीकडे पसरलं.

कारण हवा तीव्र तापली की नायट्रिक ऑक्साइड बनतोच, मग ती आर्कने तापो की कोळशाने. आगीत हे कसं घडतं त्याच्या पायऱ्या 1940 च्या दशकात रशियन शास्त्रज्ञ याकोव्ह झेल्दोविचने उलगडल्या. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात फॅरिंग्टन डॅनियल्सने तर नुसत्या गॅसच्या आगीवर, मॅग्नेशियाच्या खड्यांनी भरलेल्या भट्टीत, मुद्दाम नायट्रिक ऑक्साइड बनवण्याचा प्रयत्न केला. या कल्पनेला बळ देणारा फ्रेडरिक कॉट्रेल हा धुराड्यातली राख विजेने पकडणारं यंत्र शोधणारा माणूस होता. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला कॅन्ससमध्ये या पद्धतीचा कारखाना चाललाही, पण अमोनियाच्या किमतीपुढे तोही टिकला नाही.

त्याच वर्षांत लॉस एंजेलिसवर तपकिरी धुकं साचत होतं. डोळे चुरचुरत, रबर तडकत असे, आणि आसपासच्या शेतांत पालेभाज्यांची पानं करपत होती. कॅलिफोर्नियाच्या कॅलटेक संस्थेत आरी हागेन-स्मिट हा डच जैवरसायनशास्त्रज्ञ अननसाच्या वासावर काम करत होता. वासातले सूक्ष्म घटक पकडण्याचा त्याचा हात त्याने शहराच्या हवेकडे वळवला. मोटारींच्या धुरातले हायड्रोकार्बन आणि नत्राची ऑक्साइडं उन्हात एकत्र आली की ओझोन तयार होतो, हे त्याने 1950 च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिलं. नॉटोडेनला ज्या वायूने गहू पोसला, तोच इथे पालक जाळत होता. फरक एवढाच की नॉटोडेनमध्ये त्याला पाण्यात उतरवून आम्ल करून घेतलं जाई, आणि लॉस एंजेलिसमध्ये प्रत्येक इंजिन म्हणजे बिर्केलानची छोटी भट्टी असूनही तिच्यामागे मनोरा नव्हता.

त्यावर जो उपाय निघाला आणि जगभर रुळला, तो ऐकून बिर्केलान आणि हाबर दोघंही चकित झाले असते. नायट्रिक ऑक्साइडवर अमोनिया सोडायचा. उत्प्रेरकावर, तीन-चारशे अंशांना, दोघांची गाठ पडते आणि उरतो नत्र व पाणी. 1957 मध्ये अमेरिकेत याचं पेटंट निघालं, आणि सत्तरच्या दशकात जपानी वीजकेंद्रांनी ते व्हॅनेडियम-टायटॅनियाच्या उत्प्रेरकावर मोठ्या प्रमाणात अमलात आणलं. ते उत्तम काम करतं आणि त्याने शहरांची हवा खरोखर सुधारली, हे निःसंकोच मान्य करायला हवं. पण हिशोब पाहा. हाबरच्या रीतीने, नैसर्गिक वायू खर्चून, नत्राचा तिहेरी बंध तोडून अमोनिया बनवायचा. आगीने फुकट तोडून दिलेल्या दुसऱ्या नत्रावर तो खर्च करायचा. आणि दोघांना पुन्हा त्याच तिहेरी बंधात घट्ट बांधून हवेत सोडायचं. नायट्रिक ऑक्साइडच्या एका रेणूमागे अमोनियाचा साधारण एक रेणू जातो.

आपल्या रस्त्यांवर हे 2020 च्या एप्रिलपासून मोठ्या प्रमाणात आलं. भारत स्टेज सहाच्या नियमांनंतर अनेक गाड्यांत डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची छोटी टाकी आली. तिच्यात शुद्ध पाण्यातलं 32.5 टक्के युरियाचं द्रावण असतं, गरम धुरात त्याचाच अमोनिया होतो, आणि ड्रायव्हर तिला सरळ ‘युरिया’ म्हणतात. 2021 च्या शेवटी चीनने युरियाच्या निर्यातीवर निर्बंध घातले तेव्हा दक्षिण कोरियात याच द्रावणाचा तुटवडा पडला आणि मालवाहतूक अडचणीत आली. शेताला जो नत्र जायचा, तो गाडीच्या धुराला विझवायला जातो आहे, हे तेव्हा अनेकांच्या पहिल्यांदा लक्षात आलं.

दुसरी वाट कुणाला सुचलीच नाही असं नाही. 1980 मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या स्टॅनली लँगर आणि केरी पेट यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटा शोधनिबंध छापला. एका इलेक्ट्रोडवर हायड्रोजन आणि दुसऱ्यावर नायट्रिक ऑक्साइड, मध्ये आम्ल. हा घट बाहेरून वीज मागत नव्हता. उलट स्वतः थोडी वीज देत होता, आणि त्यात हायड्रॉक्सिलअमाइन व अमोनिया तयार होत होते. नायलॉनच्या धंद्यात हायड्रॉक्सिलअमाइन लागतं. प्रदूषण आवरण्यासाठी हा घट वापरावा असं त्यांनी पुढच्या निबंधात स्पष्टच लिहिलं. पण अमोनिया स्वस्त होता आणि जपानी पद्धत तयार होती. 1995 मध्ये जपानच्या शिबाता, योशिदा आणि फुरुया यांनी तांबं लावलेल्या इलेक्ट्रोडवर कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रेट-नायट्राइट एकत्र ठेवून थेट युरिया बनवला. तेही बराच काळ कपाटात राहिलं.

मग हे काम अचानक पुढे आलं, आणि ते आलं एका फजितीतून. 2010 च्या दशकात जगभरच्या प्रयोगशाळांना वाटू लागलं होतं की हवेतला नत्र, पाणी आणि वीज एवढ्यावर, साध्या तापमानाला, थेट अमोनिया बनवता येईल. यशाच्या बातम्या एकामागून एक छापून येत होत्या. मिळणारा अमोनिया मात्र कणभर असायचा. 2019 मध्ये डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातल्या सुझान अँडरसन आणि त्यांच्या अनेक सहकाऱ्यांनी, जड समस्थानिकाचा नत्र वापरून, ‘नेचर’मध्ये कठोर तपासणीची रीत मांडली. त्यांनी पाण्यात तपासलेले गाजलेले धातूंचे उत्प्रेरक नापास झाले. दिसणारा अमोनिया खोलीतल्या हवेतून, रसायनांतून, अगदी माणसाच्या श्वासातूनही येऊ शकत होता. आणि एक मोठा चोर होता नत्राच्या सिलिंडरमधली नत्राची ऑक्साइडं. नत्राचा रेणू इलेक्ट्रोडसमोर हलत नव्हता. त्यात भेसळ म्हणून आलेला नायट्रिक ऑक्साइड मात्र पटकन अमोनिया होत होता.

विज्ञानात भेसळ सापडली की ती काढून टाकतात. इथे काही जणांनी उलटा विचार केला: मग भेसळीपासूनच सुरुवात का करू नये? नायट्रिक ऑक्साइडमधला बंध तिहेरी बंधापेक्षा बराच दुबळा, मोलमागे 630 किलोजूलच्या आसपास. पाच इलेक्ट्रॉन आणि पाण्यातला हायड्रोजन मिळाला की त्याचा अमोनिया होतो. 2020 मध्ये चीनच्या दालियन इथल्या रासायनिक भौतिकी संस्थेतल्या गटाने तांब्याच्या सच्छिद्र फेसावर हे करून दाखवलं. दिलेल्या विजेपैकी 90 टक्क्यांहून अधिक अमोनियात उतरली. थेट नत्रापासून पाण्यात अमोनिया करू पाहणाऱ्यांनी असा आकडा स्वप्नातही पाहिला नव्हता.

पण तो आकडा निव्वळ नायट्रिक ऑक्साइडचा आहे. बिर्केलानला एक-दोन टक्के वायू विरळ वाटत होता. कोळशाच्या वीजकेंद्राच्या धुरात तो दहा लाख भागांत काही शे भाग असतो, म्हणजे नॉटोडेनपेक्षा तीस-चाळीस पट विरळ. पाण्यात तो फार कमी विरघळतो. शिवाय त्या धुरात चार-सहा टक्के ऑक्सिजन असतो, जो इलेक्ट्रोडवर आधी पोहोचून वीज खाऊन टाकतो. गंधकाची ऑक्साइडं उत्प्रेरक बिघडवतात. म्हणून लोहाच्या संयुगाने आधी नायट्रिक ऑक्साइड द्रावणात धरून ठेवायचा आणि मग त्यावर वीज सोडायची, असे प्रयत्न चालले आहेत. सिडनीच्या संशोधकांनी 2021 मध्ये आणखी वेगळा मार्ग काढला. पाण्यातल्या बुडबुड्यांत विजेच्या ठिणग्या पाडून हवेतूनच नत्राची ऑक्साइडं बनवायची आणि ती तांब्याच्या सूक्ष्म तारांवर अमोनियात बदलायची. म्हणजे पहिला टप्पा बिर्केलानचा, दुसरा लँगर-पेटचा.

प्रमाणाबद्दल स्वतःची फसवणूक करू नये. जग वर्षाला सुमारे 18 कोटी टन अमोनिया बनवतं. धुराड्यांतून पकडता येईल तेवढा नत्र त्याचा लहान हिस्साच ठरेल, आणि रस्त्यावरच्या लाखो सायलेन्सरांतला तर हाती लागणारच नाही. त्यामुळे वीजकेंद्राच्या धुराड्यावर लगेच अमोनियाचा कारखाना उभा राहील असं मला वाटत नाही. पहिली जागा वेगळी आहे. नायट्रिक आम्लाचे कारखाने, आपल्याकडचे ट्रॉम्बे आणि तळोज्याचे धरून, आणि नायट्रिक आम्लात पोलाद धुणारे कारखाने. तिथला शेवटचा वायू कोळशाच्या धुरापेक्षा स्वच्छ असतो. पोलाद धुण्याच्या जागी तर नत्राची ऑक्साइडं बरीच दाट असतात. बनलेला अमोनिया किंवा नायट्रेट आम्लाच्या कारखान्यात त्याच आवारात पुन्हा वापरता येतं, वाहून न्यावं लागत नाही. वीज उन्हाची असेल तर हिशोब आणखी जवळ येतो. तिथे आज तो वायू मारण्यासाठी अमोनिया विकत घेतला जातो. त्याच पैशात इलेक्ट्रोड किती वर्षं टिकतो, हे मोजण्याचं काम आता सुरू झालं आहे.